पाणी कुठून येतं ते बघ

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला खोली दाखवलीच नाही. अंगणात फणसाच्या झाडाखाली एक जुनी जीप उभी होती. तिचं दार उघडून ते म्हणाले, "बाय, जरा आत बस."

मी बसले. का बसले ते आजही सांगता यायचं नाही. डिचोलीच्या बाजूला हायस्कुलात मला नुकतीच नोकरी लागली होती, घरून, पार्शाहून, रोज बस बदलत येण्याचा कंटाळा आला होता, आणि खोली हवी होती. समोरचा माणूस साठी ओलांडलेला, स्वच्छ धुतलेला सदरा, चष्म्याला दोरी. भिण्यासारखं काही दिसत नव्हतं. त्यांनी माझ्या हातात विजेरी दिली, दार लावलं, बाहेरून तळहाताने दाबून पाहिलं आणि नळाचा पाईप घेऊन गाडीवर पाणी सोडलं.

"पाणी कुठून येतं ते बघ," बाहेरून आवाज आला.

आत रबराचा आणि टाल्कम पावडरीचा वास होता. टपावर पाण्याचा असा आवाज होत होता की मला माझाच श्वास ऐकू येईना. मी पायाशी बघितलं, दारांच्या कडा बघितल्या, खिडकीच्या काचेखाली बघितलं. क्लचच्या पॅडलजवळ एक थेंब चमकला. मी ओरडून सांगितलं. नळ बंद झाला, दार उघडलं, ते वाकले, थेंबाला बोट लावून त्यांनी वास घेतला.

"हे पाणी न्हय. तेल," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. "खोली वर आहे. किल्ली दारालाच असा."

मी विचारलं, "काका, वर पाणी दिवसभर येतं का?" त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि पाईप गुंडाळायला लागले. मला वाटलं ऐकू कमी येत असेल. दुसऱ्या दिवशी सामान घेऊन आले तर जिन्याच्या खालच्या पायरीवर उभं राहून ते म्हणाले, "सकाळी येतं. मग संध्याकाळी. मधे येत नाही." काय येतं आणि काय येत नाही, हे समजायला मला अख्खा जिना चढावा लागला.

हे त्यांचं नेहमीचंच होतं. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर ते त्या दिवशी देत नसत. दुसऱ्या दिवशी देत, आणि तेही प्रश्नाची आठवण न करून देता. मी शाळेत निघालेली असायची आणि खालच्या जनेलातून, म्हणजे खिडकीतून, आवाज यायचा, "बुधवारी बंद असतो." मग बसमध्ये बसून मी आठवत राहायची की काल मी काय विचारलं होतं. शिंपी? दवाखाना? एकदा सकाळी सकाळी म्हणाले, "नाही, मला एकच मुलगी. ती बेळगावला दिली." हे मी विचारल्याचं मला अजूनही आठवत नाही.

त्याचं कारण मला पुढे शेजारच्या मावशीने सांगितलं. ही मावशी रोज सकाळी पोदेराकडून पाव घ्यायला रस्त्यावर यायची आणि त्या निमित्ताने गावाची खबर द्यायची. काका मुरगाव बंदरात कामाला होते. बोटीत खनिज चढवायच्या आधी त्यात ओलावा किती आहे ते तपासायचं, हे त्यांचं काम. माती ओली असली तर समुद्रात बोट हेलकावली की आतल्या मातीचा चिखल होतो, चिखल एका बाजूला सरकतो आणि बोट कलंडते. म्हणून नमुना घ्यायचा, भट्टीत सुकवायचा आणि दुसऱ्या दिवशी निकाल सांगायचा. "कप्तान विचारीत, माल सुको असा? हे सांगीत, फाल्यां सांगतां," मावशी म्हणाली. "तीच सवय. लग्नाक होय म्हणूकसुद्धा एक दिवस घेतलो."

ते स्वतः मात्र बंदराविषयी फारसं बोलत नसत. बोलायचे ते जीपविषयी.

ही जीप त्यांनी एका खाण कंपनीच्या लिलावात घेतली होती. चारी चाकं ओढणारी, पत्र्याच्या टपाची, पत्र्याच्याच दारांची. इंजिनाची त्यांना फार काळजी नव्हती. ते म्हणत, इंजिन काय, कोणीही मेस्त्री दुरुस्त करतो. त्यांची सगळी काळजी एकाच गोष्टीची होती: न्हंय, म्हणजे नदी, ओलांडताना गाडीत पाणी येता कामा नये. त्यासाठी ते दाराच्या चौकटीला खडू फासायचे, दार लावून उघडायचे आणि रबरावर खडू कुठे उमटला नाही ते बघायचे. दारात कागदाची पट्टी धरून दार लावायचे आणि मला ओढायला सांगायचे. पट्टी सहज सुटली की तोंड पडायचं. रबर मऊ राहावं म्हणून त्याला ग्लिसरीन लावायचे, आणि ते आणायचं काम माझ्याकडे होतं. फार्मसीवाला दर महिन्याला विचारायचा, "बाई, शिकवून शिकवून घसा बसला?" मी हो म्हणायची. जीपच्या दाराला लावायचं आहे हे सांगायचा धीर मला कधी झाला नाही.

जमिनीच्या पत्र्याला जी भोकं होती त्यांना त्यांनी बुचं मारली होती. वायरी जिथून आत येतात तिथे रबर आणि लांबी. मागच्या चाकांच्या मधे जो लोखंडी गोळा असतो, त्याला हवा घ्यायला एक नळी असते; ती नळी त्यांनी वाढवून पार टपापर्यंत नेली होती. एकदा मला समजावून सांगितलं की चालून चालून हा गोळा तापतो, तापलेला गोळा थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि मिळेल तिथून पाणी ओढून घेते, मग आतलं तेल दुधाच्या चहासारखं होतं. मला हे पटलं. पण त्याच दिवशी ते असंही म्हणाले की पाणी बाहेर ठेवणं कठीण नाही, हवा आत ठेवणं कठीण आहे. आणि पुढच्याच आठवड्यात म्हणाले, हवा आत राहता कामा नये. मी विचारलं, "मग नक्की काय करायचं?" दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, "दोन्ही." मी नाद सोडला.

पण मला खरं कोडं होतं ते वेगळंच. न्हंयवर पूल होता. घरापासून जरा पुढे गेलं की उजव्या हाताला चांगला रुंद पूल, त्याच्यावरून बसगाड्या जायच्या, लोक स्कूटरवरून जायचे. पाण्यातून गाडी घालायची गरज कोणालाच नव्हती. आणि काका दर रविवारी पाण्यातून जात.

पलीकडे, पेडण्याच्या हद्दीत, त्यांची बायको राहायची.

मावशीने मला याची कारणं सांगितली, पण ती रोज वेगळी असत. कधी म्हणायची, भांडण झालं. कधी म्हणायची, भांडण कसलं, तिच्या बापाची काजूची बागायत आहे, ती राखायला गेली. कधी म्हणायची, "जीप बंद पडली म्हणून गेली." मी म्हटलं, जीप बंद पडली म्हणून कोणी नवऱ्याला सोडून जातं का? मावशी पावाची पिशवी सावरत म्हणाली, "मगे? मीय तेंच म्हणता."

एका रविवारी काकांनी मला सोबत नेलं. मला वाटलं ओढ्यासारखं काहीतरी असेल. काठावर आलो तर न्हंय चांगली रुंद, पाणी संथ, तळाचे गोटे दिसत होते. मला वाटलं, आता जाऊ. पण त्यांनी गाडी झाडाच्या सावलीत उभी केली आणि खाली उतरून बसले.

"आता काय?" मी विचारलं.

उत्तर अर्थातच आलं नाही. मागच्या गोळ्याला ते मधूनमधून हात लावून बघत होते. तो थंड होईपर्यंत आम्ही तिथे बसलो. म्हशी पाण्यात उतरल्या, पोहल्या, बाहेर आल्या. पुलावरून एक बस पलीकडे गेली आणि थोड्या वेळाने तीच परत आली. मग त्यांनी बॉनेटच्या तोंडावर ताडपत्री बांधली, दारं एकेक करून दाबून पाहिली, आणि आम्ही पाण्यात उतरलो. गाडी हळूहळू, एकाच वेगात, पुढे पाण्याची एक घडी ढकलत गेली. त्यांची नजर समोर नव्हतीच म्हटलं तरी चालेल. दर क्षणाला पायाकडे.

"येतं?"

"नाही."

"बघ नीट."

"नाही, काका."

पलीकडच्या चढावर गाडी बाहेर पडली आणि त्यांनी असा श्वास सोडला की मला वाटलं इतका वेळ ते बुडूनच होते.

काकी घराच्या पायरीवर काजूच्या बिया वाळत घालत होती. ठेंगणी, काळीसावळी, हाताला काजूच्या चिकाचे डाग. तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याच्या पायांकडे.

"सुके आले," ती म्हणाली. "बसा. माशाचं हुमण गरम करते."

जेवताना दोघं एकमेकांशी अगदी साधं बोलत होते. मुलीचा फोन आला होता का, नारळ कोण पाडणार, तुमची गोळी घेतली का. रागावलेली बायको आणि मनवायला आलेला नवरा असं काहीच दिसेना. जेवून काका आडवे झाले आणि काकी मला विहिरीवर घेऊन गेली. मी धीर करून विचारलं. तिने मात्र लगेच उत्तर दिलं.

तिच्या वडिलांना बरं नाही असा निरोप डिचोलीला आला, तेव्हा हा पूल नव्हता. बसने यायचं तर म्हापशाकडून वळसा. काका नेमके सुट्टीवर घरी होते. त्यांनी जीप काढली आणि सरळ न्हंयत घातली. मधोमध गाडीत पाणी भरलं आणि ती बंद पडली. दोघं टपावर चढून बसले. कोणीतरी ट्रॅक्टर घेऊन येऊन ओढून काढेपर्यंत दुपार उलटली. घरी पोचले तेव्हा वडिलांना स्मशानात नेलं होतं.

"म्हणून तुम्ही इथेच राहिलात?" मी म्हटलं.

"नाही गो. आई एकटी होती म्हणून राहिले. मग आई गेली. मग काजू होते. आणि आधी तरी काय, हे मुरगावला, मी डिचोलीत. आता हे डिचोलीत, मी इथे." तिने कळशी भरून काठावर ठेवली. "आणि खरं सांगू? बाबा सकाळीच गेले होते. निरोप सांगणारा 'बरं नाही' असंच सांगतो ना? गाडी बंद पडली नसती तरी बाबा काही मला भेटले नसते."

"हे काकांना ठाऊक आहे?"

"कितीदा सांगितलं. त्यांना वाटतं, त्यांचं मन राखायला सांगते."

परत येताना गाडी थंड व्हायची वाट बघत आम्ही बसलो होतो, तेव्हा मी काकांना हे विचारलं. म्हटलं, काकी म्हणते की वडील आधीच गेले होते, मग तुमची चूक कशी? दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तेव्हा ते दाराच्या रबराला पावडर लावत होते. वर न बघता म्हणाले, "तोंड तरी दिसलं असतं."

बसमध्ये मी विचार करत बसले. काकी म्हणाली तेही खरं वाटत होतं आणि काका म्हणाले तेही. आणि दोन्ही खरं असेल तर या गाडीचं काय करायचं, ते मला कळेना.

पूल झाला तेव्हा लोकांनी त्यांना म्हटलं म्हणे, की आता बरं झालं. काकांनी दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं, "आता काय उपयोग?" काकी पुलावरून बसने यायची, गणपतीच्या चवथीला, मुलीच्या बाळंतपणाला, कोणाच्या लग्नाला. काम झालं की बसने परत जायची. जीपमध्ये मात्र ती त्या दिवसानंतर बसली नव्हती. काकांनी तिला बस म्हटलं नव्हतं आणि तिनेही विषय काढला नव्हता. मी तिथे राहायला आल्याला वर्ष होऊन गेलं असेल, तेव्हा एका रविवारी काकी जेवण वाढताना सहज म्हणाली, "यंदा चवथीला मी जीपमधनं येते."

काकांचा हात भातावरच थांबला.

नंतर माझ्याजवळ ती म्हणाली, "एकदा बसते. त्यांच्या जिवाला शांती."

त्यानंतरचे दिवस त्या घरात मला नीट झोपही लागली नाही असं म्हणणार होते, पण झोप त्यांनाच लागत नव्हती. पाऊस सुरू होता. शाळेतून आलं की मी जीपमध्ये विजेरी घेऊन बसायची. खालून पाणी, वरून पाणी, बाजूने पाणी. एक थेंबही कुठून आला नाही. दारं इतकी घट्ट बसायची की लावताना कानात दडा बसायचा. त्यांनी दोन बुचं काढून नवीन मारली. मी म्हटलं, जुनी चांगली होती. ते म्हणाले, "चांगली होती." आणि नवीन मारली.

चवथीच्या आधीच्या रविवारी आम्ही तिला आणायला गेलो. सकाळी पाणी नेहमीपेक्षा थोडं जास्त होतं, पण गेलो. काकीने माटोळीचं सामान जमवून ठेवलं होतं. गणपतीच्या डोक्यावर टांगायला लागतात ती सगळी रानातली फळं, आंबाडे, कांगणं, दोन मोठी तोरिंगं, सुपारीचा घोस, केळ्यांचा घड. मागच्या सीटवर मी आणि माझ्याभोवती ते सगळं. काकीने ठेवणीतली साडी नेसली होती. ती पुढे, काकांच्या डाव्या बाजूला बसली आणि पदर मांडीवर घेतला.

काठावर आलो तर सकाळचं पाणी ते नव्हतं. घाटात पाऊस झाला असणार. गढूळ झालं होतं आणि सकाळी दिसत असलेला सपाट दगड आता दिसत नव्हता.

"पुलावरून जाऊया," काकी म्हणाली.

काका उतरले, गोळा थंड झाला का बघितलं, ताडपत्री बांधली, दारं दाबली. काकीने माझ्याकडे मान वळवून बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला लागला नाही. मी उतरते असं म्हणायला हवं होतं की तुम्ही उतरा असं, तेही कळलं नाही. मग ती समोर बघायला लागली, आणि गाडी पाण्यात उतरली.

सुरुवातीला सगळं नेहमीसारखं होतं. पाणी दारांच्या अर्ध्याला आलं. काकांनी विचारलं, "येतं?"

"नाही," आम्ही दोघी म्हणालो.

खरोखरच येत नव्हतं. पायाखालचा पत्रा कोरडा, काकीच्या पायांतल्या नवीन चपला कोरड्या. इंजिन व्यवस्थित चालू होतं. आणि तरी काहीतरी बिघडलं होतं. गोट्यांवरून जाताना गाडी खडखडते, हादरते, ती सवय मला झाली होती. ते हादरणं थांबलं. गाडी एकदम मऊ झाली. पलीकडच्या काठावर एक माड होता, तो काचेत सरळ समोर होता. तो हळूच डावीकडे गेला आणि दिसेनासा झाला. मला आधी वाटलं काका वळवताहेत. पण ते स्टिअरिंग दुसरीकडे फिरवत होते आणि ते नुसतंच फिरत होतं.

गाडीचा मागचा भाग तरंगत होता. आतली हवा तिला उचलत होती आणि उजवीकडून येणारं पाणी तिला खाली, खोल डोहाकडे नेत होतं.

काकांनी पायाखाली बघितलं. मग पुन्हा बघितलं. "पाणी नाही," ते म्हणाले. "एक थेंब नाही."

"अहो," काकी म्हणाली, "दार उघडायला हवं."

"पाणी येईल."

"येऊं दी."

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. काकांचा हात काकीच्या अंगावरून डाव्या दाराकडे गेलेला. काकीचा खांदा दाराला टेकलेला. हँडलवर कोणाची तरी बोटं. दार आधी हललं नाही, मग थोडं फटीएवढं झालं, आणि मग पाणी असं आत आलं की मी पाय वर घेतले आणि त्याचा काही उपयोग झाला नाही. थंड, मातकट पाणी घोट्याला, गुडघ्याला, सीटवर. माटोळीचं सामान माझ्याभोवती तरंगायला लागलं. एक तोरिंग पुढच्या सीटवर गेलं आणि काकीने ते हाताने धरलं. मग खाली काहीतरी आपटलं. गोटे. मागची चाकं खाली टेकली, गाडी खडखडली, आणि तो घाणेरडा खडखडाट मला इतका बरा वाटला की मी रडायला लागले.

इंजिन बंद पडलं नाही. काकांनी एक शब्द न बोलता गाडी त्या पाण्यासकट काठाला लावली आणि चढावर घेतली. दारं उघडली तेव्हा न्हंय पायऱ्यांवरून उतरावी तसं पाणी बाहेर पडत राहिलं.

काकी उतरून साडीचा निऱ्यांचा भाग पिळत होती. काका तिच्यासमोर उभे होते.

"भिजलीस," ते म्हणाले.

"भिजले."

"सगळीच भिजलीस."

"मग काय झालं?"

त्यांनी खिशातून रुमाल काढून तिच्यापुढे धरला. रुमालातून पाणी गळत होतं. तो तसाच धरून त्यांनी विचारलं, "उशीर झाला काय?"

काकीने त्यांच्या हातातला रुमाल घेऊन तो पिळला, त्यांच्या चष्म्यावरचं पाणी पुसलं आणि म्हणाली, "नाही. चवथ अजून लांब आहे."

ते तिथेच काठावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. आम्हीही उठा म्हटलं नाही. आंबाडे गोळा करायचे होते, ते आम्ही दोघींनी केले.

मी त्यांना नंतर विचारलं होतं, "काका, बंदरात इतकी वर्षं काढलीत. आत हवा राहिली की वस्तू तरंगते, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?" दुसऱ्या दिवशी ते म्हणाले, "बोटीचं ठाऊक होतं. गाडी म्हणजे गाडीच, असं मी धरून चाललो." थोडं थांबून त्यांनी आणखी एक वाक्य जोडलं, जे ते कधी करत नसत. "आणि मी खाली बघत होतो."

चवथीला मी घरी पार्शाला गेले आणि त्यांच्या विसर्जनाच्या दिवशी परत आले. बेळगावची मुलगी आलेली होती. आरती झाल्यावर नेवऱ्या खात सगळे सोप्यावर बसले होते आणि मुलगी आईबापांवर रागावत होती, की त्या पाण्यात शिरायची गरज काय होती, आणि दार उघडायचं कोणाला सुचलं म्हणून वाचलात.

"तुझ्या आवयक सुचलं," काका म्हणाले. "तिनं उघडलं."

"मी खंय? यांनी उघडलं," काकी म्हणाली. "माझ्यानं ते दार हलतंय काय."

"मी नाही. माझा हात नुसता तिकडे होता."

"आणि माझा खांदा नुसता टेकलेला होता."

मुलगी माझ्याकडे वळली. "बाई, तुम्ही मागे होता. कोणी उघडलं?"

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. दोघांच्याही चेहऱ्यावर असा भाव होता की मी दुसऱ्याचं नाव घ्यावं. मी खूप आठवून पाहिलं. हँडलवरची बोटं मला दिसत होती, पण ती कोणाची ते दिसेना. मी खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही. दोघांचंही समाधान झालं नाही.

काकी बसने परत गेली तेव्हा काकाही तिची पिशवी घेऊन बसमध्ये चढले. मला म्हणाले, दोन दिवसांनी येतो. ते आले नाहीत. मग ते तिकडेच राहायला लागले आणि रविवारी बसने घर बघायला यायचे, जीप चालू करायचे, थोडा वेळ इंजिन ऐकायचे आणि बंद करून परत जायचे. मावशी मला विचारायची, हे आता कोणत्या घरचे? मला सांगता येत नसे.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर एका रविवारी दोघं मिळून आले. काकी म्हणाली, बागायतीत खत न्यायला गाडी हवी, तर घेऊन जाऊया. काकांनी पाना घेतला आणि बिजागऱ्यांच्या खिळ्या काढून गाडीची दारं उतरवली. एक, मग दुसरं, मग मागचं. इतकी वर्षं ज्यांना खडू, कागद, ग्लिसरीन लावलं ती दारं त्यांनी माझ्या जिन्याखाली भिंतीला टेकवून ठेवली. मी विचारलं, "दारं का काढली?" पण दुसऱ्या दिवशी उत्तर द्यायला ते इथे नसणार होते.

दोघं पुढे बसले. काकीने एका हाताने टपाची कड धरली होती. गाडी निघाली तेव्हा बारीक पाऊस सुरू झाला आणि दोन्ही बाजूंनी सरळ आत जायला लागला. काकांनी पायाकडे बघितलं नाही. मी फाटकापर्यंत गेले. आमच्या रस्त्याला पुढे एक वळण आहे. तिथे डावीकडे उतरलं की न्हंयचा उतार आणि उजवीकडे गेलं की पूल. वळणावर गाडी जरा थांबली. डावीकडचा दिवा लुकलुकायला लागला. मी बघत राहिले. दिवा डावीकडचाच लुकलुकत होता, आणि गाडी उजवीकडे वळली.